राखीव फळी

वाघोटन खाडीच्या मुखाशी समुद्रात पाय रोवून उभा असलेला विजयदुर्ग पाहावयास येणारा प्रवासी त्याचा तिहेरी तट, बुलंद बुरूज आणि पश्चिमेकडचा अथांग दर्या पाहून तृप्त मनाने परततो. परंतु खाडीच्या आतल्या अंगाला, गिर्ये गावच्या हद्दीत, आंग्र्यांच्या आरमाराची जी जुनी गोदी आहे तिच्याकडे फारच थोड्यांची पावले वळतात. भर समुद्रात झुंजणाऱ्या गुराबांचे आणि गलबतांचे पराक्रम आपण आवडीने वाचतो. गोदीत ओढून घेतलेल्या, डागडुजी करून पुढल्या मोहिमेसाठी सज्ज ठेवलेल्या जहाजांचा विचार आपल्या मनात येत नाही. वस्तुतः आरमाराच्या हिशेबात तीही जमेस धरलेली असत, कारण लढणारे जहाज घायाळ होऊन माघारी आले तर त्याच्या जागी पाठवावयास दुसरे सिद्ध असले पाहिजे, ही तजवीज ज्या दर्यावर्दी सत्तेपाशी नाही तिचा दरारा फार काळ टिकत नाही. सारे सामर्थ्य एकाच ठिकाणी एकवटून ठेवण्याचा परिणाम काय होतो हेही याच किल्ल्याने पाहिले आहे. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसनचे इंग्रजी आरमार विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे तटाच्या आश्रयाला एकमेकांस बांधून उभी होती. गोळाबारीत त्यांतल्या एका जहाजाने पेट घेतला, ती आग शेजारच्या जहाजावर आणि तेथून पुढच्यावर गेली, आणि ज्याच्या धाकाने पश्चिम किनाऱ्यावरील परकी व्यापारी पैसे मोजून परवाने घेत, ते आरमार सूर्य मावळण्याच्या सुमारास भस्मसात होऊन गेले.

खेळाच्या संघाविषयी लिहिताना हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, जिंकलेल्या सामन्याची चर्चा करताना आपणही मैदानात उतरलेल्यांचीच नावे घेतो आणि रेषेबाहेर बसलेल्यांना संघातून मनोमन वजा करून टाकतो. राखीव खेळाडू म्हणजे ज्याला संधी मिळाली नाही तो, अशी एक समजूत लोकांत रूढ आहे. ती अपुरी आहे, आणि संघाला घातकही आहे. राखीव खेळाडूचे मोल तो किती मिनिटे मैदानात होता यावरून ठरत नाही. ज्या दिवशी त्याची गरज पडेल त्या दिवसाच्या कितीतरी आधी, कोणी पाहत नसताना, त्याने आणि त्याच्या संघाने जी तयारी करून ठेवलेली असते तिच्यावरून ते ठरते. ही तयारी ऐन वेळी उसनी आणता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावयास कबड्डीसारखे दुसरे उदाहरण नाही. कबड्डीच्या संघात बारा जणांची नोंद होते, सात जण मैदानात उतरतात आणि पाच जण राखीव म्हणून बाहेर बसतात. याखेरीज या खेळात आणखी एक प्रकारचे बाहेर बसणे आहे. बाद झालेला खेळाडू आपल्या बाजूच्या अंतिम रेषेमागे, बाद होण्याच्या क्रमाने, आखलेल्या जागेत बसतो. आणि प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला पहिला बसलेला गडी उठून आत येतो. जुन्या काळी कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी अखेरपर्यंत बाहेरच राही, अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नसे, आणि या तिघांतून आजच्या खेळाने पत्करली ती संजीवनीची पद्धत. म्हणजे बाहेर बसलेल्याला पुन्हा आत येता येते हे तत्त्वच या खेळाचा पाया होऊन बसले आहे, आणि ज्याचे डोळे बाहेर बसल्याबसल्याही खेळावर खिळलेले असतात तो आत येताक्षणी उपयोगी पडतो. खो-खोची रचना निराळी असली तरी तत्त्व हेच आहे. तेथे बारा जणांच्या संघातील नऊ जण मैदानात उतरतात, संरक्षण करणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी आत जातात, आणि पहिली तुकडी लांबली तर पुढच्या तुकडीला बराच वेळ नुसते पाहत राहावे लागते.

आता राखीव पाच जण करतात काय, हे पाहण्यासाठी सामन्याच्या दिवशी जाऊन भागत नाही. सरावाच्या वेळी जावे लागते. कोपरारक्षकाला घोट्याची पकड पक्की करावयाची असेल तर त्याच्यावर कोणीतरी चढाई करून आले पाहिजे, आणि तेही एकदा-दोनदा येऊन भागत नाही. आजच्या अंधाऱ्या संध्याकाळी, उद्याच्या पहाटे, पुन्हा परवा, घोटे सोलून निघेपर्यंत आले पाहिजे. हे येणारे बहुधा राखीव गडी असतात. पुढल्या फेरीत ज्या संघाशी गाठ आहे त्याचा प्रमुख चढाईपटू डावीकडून शिरून हात टाकतो असे कळले, तर राखीवांपैकी एकाला त्याची लकब उचलून त्याच्यासारखी चढाई करून दाखवावी लागते. म्हणजे त्या दिवसांपुरते त्याने स्वतःचा खेळ बाजूला ठेवून दुसऱ्याचा खेळ खेळावयाचा, जेणेकरून आपल्या सात जणांना त्याचा सराव व्हावा. सामन्यात ती पकड यशस्वी झाली की टाळ्या पकड करणाराला मिळतात. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, कारण पकड त्यानेच केलेली असते. परंतु त्या पकडीच्या श्रेयात बाहेर बसलेल्याचा जो हिस्सा आहे तो निदान त्याच्या संघाला ठाऊक असावा.

दुसरे काम डोळ्यांचे. मध्यरेषेजवळ श्वास रोखून उभ्या असलेल्या माणसाला प्रतिपक्षाच्या सातही जणांचे पाय एकदम दिसत नाहीत. बाहेर बसलेल्याला दिसतात. उजव्या कोपऱ्यातला गडी दमला आहे, साखळीतल्या दोघांचे हात सुटू लागले आहेत, चढाईपटू निदान रेषा ओलांडण्याआधीच वळतो आहे, या गोष्टी बाहेरून ध्यानात येतात, आणि विश्रांतीच्या पाच मिनिटांत त्या नेमक्या शब्दांत सांगणारा राखीव गडी ज्या संघात आहे त्याचा दुसरा डाव पहिल्याहून निराळा दिसतो. तिसरी गोष्ट केवळ शरीराची आहे. आमच्या भागातल्या प्रकाशझोतातील स्पर्धांत एकाच रात्री दोन-दोन, तीन-तीन सामने खेळावे लागतात. उपांत्य सामना संपतो तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि अंतिम सामना पुढे उभा असतो. अशा वेळी सात जणांवर विसंबून राहिलेला संघ पाय ओढीत मैदानात उतरतो आणि बारा जणांचा संघ ताज्या दमाने उतरतो, हा फरक पाहणाऱ्याला पहिल्या पाच चढायांतच कळून येतो.

येथे एक गोष्ट मन खट्टू करते. सिंधुदुर्गातल्या गावांतून सात चांगले गडी मिळतात. बारा मिळणे दुरापास्त होत चालले आहे. तरणी मुले नोकरीधंद्यासाठी मुंबईला जातात, शिमग्याला किंवा गणपतीला येतात, आणि मंडळाच्या प्रवेशपत्रावर उरलेली पाच नावे केवळ रकाने भरण्यासाठी लिहिली जातात. ज्याचे नाव असे लिहिले गेले त्याला सरावाला बोलावणेही येत नाही, आणि एखाद्याचा गुडघा दुखावला की त्यालाच घाईघाईने कपडे बदलावयास सांगितले जाते. मग तो पहिल्याच चढाईत पकडला गेला तर गाव त्याला दोष देते. ही त्या मुलावर होणारी उघड अन्यायाची गोष्ट होय. उत्कृष्ट चढाईचे, उत्कृष्ट पकडीचे, अष्टपैलू खेळाडूचे बक्षीस आपण हौसेने देतो. बारा जण नियमाने सरावाला आणणाऱ्या मंडळाचाही गौरव एखाद्या स्पर्धेत सुरू झाला तर त्याचा खेळाला चषकाहून अधिक उपयोग होईल असे मला मनापासून वाटते.

राखीव फळीचे महत्त्व जगाच्या पातळीवर कसे सिद्ध झाले हे पाहावयाचे तर जानेवारी २०२१ मधील ब्रिस्बेनच्या कसोटीकडे वळणे प्राप्त आहे, आणि त्या कथेतली दोन प्रमुख माणसे महाराष्ट्राची आहेत. भारतीय संघाच्या त्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील पहिल्याच कसोटीत १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. त्यानंतर विराट कोहली मायदेशी परतला, नेतृत्व अजिंक्य रहाणेकडे आले, आणि पुढल्या तीन आठवड्यांत एकामागून एक खेळाडू जायबंदी होत गेले. शमीचा हात ॲडलेडलाच मोडला होता; पुढे उमेश यादवची पोटरी दुखावली, जडेजाचा अंगठा गेला, विहारी, अश्विन आणि बुमराह यांनाही शेवटच्या सामन्यास मुकावे लागले. १५ जानेवारीला ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर जो संघ उतरला त्यातील पाच गोलंदाजांचा कसोटीचा अनुभव सर्वांचा मिळून चार सामन्यांचा होता. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर हे दोघे तर मुख्य संघाला जाळ्यात गोलंदाजी करण्यासाठी मागे ठेवून घेतलेले होते आणि दोघांचाही तो पहिला कसोटी सामना होता. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर एकही कसोटी हरलेला नव्हता.

या पाचांत पालघरचा शार्दुल ठाकूर होता. त्याच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा विलक्षण म्हटली पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने कसोटीत पदार्पण केले आणि दहा चेंडू टाकल्यावर जांघेच्या दुखापतीने त्याला मैदान सोडावे लागले. त्यानंतरची सव्वादोन वर्षे कसोटी खेळाडू म्हणून त्याच्या नावावर ते दहा चेंडूच होते. ब्रिस्बेनला पहिल्या डावात भारताची अवस्था ६ बाद १८६ झाली असता तो फलंदाजीस आला, आणि त्याने व सुंदरने सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या. शार्दुलच्या ६७, सुंदरच्या ६२. ऑस्ट्रेलियाची आघाडी ३३ वरच थांबली. दुसऱ्या डावात सिराजने पाच आणि शार्दुलने चार बळी घेतले, आणि १९ जानेवारीच्या तिसऱ्या प्रहरी ऋषभ पंतच्या नाबाद ८९ धावांच्या बळावर भारताने ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठले. त्या मालिकेतील चार कसोट्यांत भारताने वीस खेळाडू वापरले. पहिली फळी जवळजवळ संपूर्ण कोसळली होती, आणि तरीही संघ उभा राहिला. कारण दुसऱ्या फळीतल्या मुलांनी भारत 'अ' संघातून, देशांतर्गत स्पर्धांतून आणि जाळ्यातल्या अनामिक गोलंदाजीतून आपली विद्या घासून पुसून ठेवलेली होती.

विजयानंतर रहाणेने जे केले ते मला त्या विजयाइतकेच मोलाचे वाटते. चषक हाती येताच तो त्याने नटराजनच्या हाती सोपविला. आणि खेळाडूंच्या दालनात सहकाऱ्यांशी बोलताना त्याने आवर्जून कुलदीप यादवचे नाव घेतले. कुलदीप हा जाणता फिरकी गोलंदाज. त्या मालिकेत इतके जण जायबंदी होऊनही त्याला एकाही कसोटीत संधी मिळाली नव्हती. ते किती कठीण गेले असेल याची आपणांस जाणीव आहे, त्याची वृत्ती सदैव चांगली राहिली, आणि त्याचीही वेळ येईल, अशा आशयाचे त्याला सर्वांसमक्ष सांगण्यात आले. सरावात राबलेल्या कार्तिक त्यागीलाही कर्णधार विसरला नाही. ज्याला खेळवता आले नाही त्याच्याशी सरळ, स्पष्ट आणि सन्मानाने बोलणे हे नेतृत्वाचे कर्तव्य आहे. पुष्कळ ठिकाणी ते टाळले जाते, आणि मग बाहेर बसलेला गडी आपल्याला का बसविले याचा शोध एकट्याने घेत कडवट होत जातो.

प्रतीक्षेचा विषय निघाला म्हणजे मुंबईच्या आझाद मैदानावरचा फेब्रुवारी १९८८ मधील हॅरिस ढाल स्पर्धेचा उपांत्य सामना आठवल्यावाचून राहत नाही. शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ आणि विनोद कांबळीने नाबाद ३४९ धावा काढून ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, ती कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. पुढला फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा होता अमोल मुझुमदार. त्या डावात त्याची पाळी आली नाही. या तिघांचे गुरू मालवणच्या मातीतले रमाकांत आचरेकर. त्यांच्या स्वतःच्या खात्यावर प्रथम श्रेणीचा एकच सामना होता, आणि तरीही शिष्यांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून घडल्या. मुझुमदारने १९९३-९४ च्या मोसमात रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या, तेव्हा पदार्पणातली ती जगातील सर्वोच्च धावसंख्या होती. पुढे प्रथम श्रेणीत त्याने अकरा हजारांहून अधिक धावा आणि तीस शतके केली, २००६-०७ मध्ये मुंबईला कर्णधार म्हणून रणजी करंडक मिळवून दिला. भारताच्या संघातून मात्र त्याला कधीच बोलावणे आले नाही. सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात जन्मणे हे त्याचे प्राक्तन होते. ही त्याची उपेक्षाच होती, आणि तिला गोड नाव देण्याची गरज नाही. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले, तेव्हा बाहेर बसणे म्हणजे काय असते हे अंगावर सोसलेला माणूस त्या संघाला लाभला.

दोन वर्षांनी झालेल्या विश्वचषकात त्याचा हा अनुभव कसाला लागला. जेमिमा रॉड्रिग्जला इंदूरच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून वगळण्यात आले. चार दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध ती परतली तेव्हा तिने नाबाद ७६ धावा केल्या, आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. त्या दरम्यान २६ ऑक्टोबरला बांगलादेशाविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना सलामीची प्रतिका रावल घोटा दुखावून स्पर्धेबाहेर गेली. तिने तोवर ३०८ धावा जमविल्या होत्या. तिच्या जागी बोलावले गेले शफाली वर्माला, जी वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर होती आणि त्या सुमारास हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धा खेळत होती. पुण्याची तेजल हसबनीस, मुंबईची सायली सतघरे अशा ज्या मुलींची नावे स्पर्धेपूर्वी राखीव यादीत जाहीर झाली होती, त्या यादीतही शफाली नव्हती. राखीव फळी कागदावरच्या यादीपेक्षा मोठी असते, ती देशभरच्या मैदानांवर पसरलेली असते, एवढाच याचा अर्थ मी करतो; यादीतल्या मुलींच्या मनाचा विचार करता तो सांगताना जीभ जड होते. २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात शफालीने ७८ चेंडूंत ८७ धावा काढल्या, सांगलीच्या स्मृती मानधनासमवेत शतकी सलामी दिली, आणि कर्णधार हरमनप्रीतने चेंडू हाती दिला तेव्हा लूस आणि काप या दोन मोलाच्या बळींची भर घातली. भारत ५२ धावांनी जिंकला. सामन्याची मानकरी शफाली ठरली.

त्या संघात अरुंधती रेड्डी नावाची वेगवान गोलंदाज होती. संपूर्ण स्पर्धेत तिला एकही सामना खेळावयास मिळाला नाही; तिला पदक मिळाले, आणि ते सर्वथैव योग्यच झाले, कारण संघासाठी ती पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत सिद्ध होती. प्रतिका मात्र त्या रात्री चाकांच्या खुर्चीवरून मैदानात आली असताना तिच्या गळ्यात स्वतःचे पदक नव्हते. पदके अंतिम यादीतल्या पंधरा जणींना द्यावयाची असा नियम, आणि शफालीचे नाव दाखल होताच तिचे नाव त्या यादीतून खारिज झालेले. पुढे तिलाही पदक देण्यात आले, परंतु ते वरिष्ठांच्या सद्भावनेने, नियमाच्या आधाराने नव्हे. सामना न खेळलेली राखीव खेळाडू संघाची घटक ठरते हे ज्या नियमाला मान्य आहे, त्याला सात सामने खेळून जायबंदी झालेलीही संघाचीच आहे हे मान्य करावयास अडचण वाटण्याचे कारण नाही. नियमात तसा बदल करून घेतल्यास पंधराऐवजी सोळा पदके घडवावी लागतील, आणि क्रिकेटच्या आजच्या समृद्धीत तेवढी तरतूद पुढील विश्वचषकापूर्वी सहज करता येण्यासारखी आहे.